उलटणारी होडी

आम्हीं पस्तीस वर्षें एका शाळेंत संस्कृत शिकविलें. या काळांत नौका, नदी, वारा आणि कर्णधार यांचे दृष्टान्त आमच्या तोंडून इतके वेळां गेले असतील कीं, ऐकणारास वाटावें, हा मनुष्य खलाशाच्याच घरीं जन्मला असावा. वस्तुस्थिति अशी कीं, आम्हांस पोहतांही येत नाहीं. आमचें मूळ गांव राजापूरच्या खाडीकांठीं. लहानपणीं ओटीवर बसून आम्ही शिडाचे मचवे जातांना पाहत असूं. पण आमच्या आजोबांचा नियम कडक होता. ब्राह्मणाच्या पोरानें तरींत बसावें, पैलतीरीं उतरावें. वल्ह्यास हात लावूं नये. तो नियम आम्हीं मुकाट्यानें पाळला आणि पुढें आमच्या चिरंजिवांसही पाळावयास लाविला. पाण्याची भीति ही आमच्या घरांत जानव्यासारखी एका पिढीकडून दुसरीकडे आलेली आहे म्हणाना!

अशा आम्हांवर होडीच्या घडणीविषयीं चार शब्द लिहिण्याचा प्रसंग कसा आला, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां चिरंजिवांकडे कॅनडांत माँट्रियलजवळ तीन महिने राहून आलों. सेंट लॉरेन्स नदी तेथें एकाएकीं रुंद होऊन तिचें सरोवरच बनतें. त्यास सें-लुई सरोवर असें नांव आहे. त्याच्या उत्तर कांठीं प्वांत-क्लेअर नांवाचें टुमदार गांव आहे आणि गांवांत अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधलेली एक दगडी पवनचक्की अजून उभी आहे. आमची नात चि. मीरा, वय वर्षें चौदा, त्या सरोवरावर शिडाची होडी हांकावयास शिकत होती. आम्हांस हें कळलें तें तेथें पोंचल्यावर. आधीं पत्रानें कळविलें असतें, तर आम्हीं काय उत्तर धाडलें असतें, हें चिरंजिवांस पक्कें ठाऊक होतें.

शिकवणीच्या पहिल्या दिवशीं आम्ही उभयतां मुद्दाम कांठावर जाऊन बसलों. पाहतों तों शिक्षिकाबाईंनीं मुलांस होड्यांत बसवून थोडें आंत नेलें, आणि एकेकास आपली होडी आपल्याच हातानें उलटी करावयास सांगितली! आमच्या कुटुंबानें डोळे मिटून घेतले. आम्ही चिरंजिवांस म्हणालों, "ही कसली शाळा? पहिला धडा बुडण्याचा?"

चिरंजीव शांतपणें म्हणाले, "नाना, होडी आज ना उद्यां उलटणारच. ती उलटणार हें धरूनच तिची आंखणी केली आहे. उद्यां कांठावर होड्या लावून ठेवलेल्या असतील, तेव्हां तुम्हांला दाखवतों."

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं खरोखरच आम्हांस तेथें नेलें. चिरंजीव विमानांचे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत काम करतात, त्यामुळें होडी ज्या द्रव्याची बनली होती तें त्यांच्या रोजच्या परिचयाचें. त्या सकाळीं त्यांनीं जें दाखविलें, आणि मागाहून आम्हीं जें वाचून ताडून पाहिलें, तें येथें देतों.

या होडीचें नांव 'लेझर'. स्पर्धांच्या क्षेत्रांत २०१९ पासून तिला 'आय. एल. सी. ए.' या आद्याक्षरांनीं ओळखतात. पण जुनें नांव लोकांच्या तोंडून जात नाहीं. तिचा जन्म ज्या गोष्टींतून झाला ती मोठी मौजेची आहे. १९६९ सालीं माँट्रियलमधील इयन ब्रूस नांवाच्या आरेखकास एका मोठ्या व्यापारी कंपनीनें वनविहाराच्या साहित्याची आंखणी करावयास सांगितली होती. त्या साहित्यांत मोटारीच्या टपावर बांधून नेतां येईल अशी एक होडीही असावी असें ठरलें. ब्रूस यांनीं आपले मित्र ब्रूस कर्बी यांस टेलिफोन केला. हे कर्बी मूळचे ओटावाचे, पेशानें वृत्तपत्रकार, आणि त्या वेळीं शिडाच्या नौकांविषयींच्या एका मासिकाचे संपादक. टेलिफोनवर बोलतां बोलतां त्यांनीं समोरच्या कागदावर होडीची आकृति काढली. पुढें त्या आकृतीस 'दहा लक्ष डॉलरांची रेघोटी' असें विनोदानें म्हणूं लागले. कंपनीचा बेत बारगळला आणि चित्र तसेंच पडून राहिलें. १९७० सालीं कर्बींच्या मासिकानें हजार डॉलरांच्या आंत मिळणाऱ्या होड्यांची एक चढाओढ अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतांतील एका तळ्यावर ठरविली, तेव्हां या दोघांस त्या चित्राची आठवण झाली. शीड शिवण्याचें काम हान्स फॉघ या मूळच्या डेन्मार्कच्या कसबी गृहस्थांकडे गेलें. पहिल्या दिवशीं शीड मनासारखें बसेना. फॉघ यांनीं रात्रींत तें पुन्हां कापून शिवलें आणि दुसऱ्या दिवशीं होडी पुढें निघाली. हे तिघेही ऑलिंपिक स्पर्धांत शिडाच्या नौका हांकलेले. तेव्हांपासून आजवर या एकाच आकृतीच्या दोन लाखांहून अधिक होड्या निघाल्या आहेत.

आतां होडीच्या घडणीकडे वळूं. ती फायबरग्लासची, म्हणजे काचतंतूंची आहे. काच म्हटली कीं आपल्या मनांत फुटण्याचाच विचार येतो. परंतु काच वितळवून तिचे केंसाहून बारीक धागे ओढले, तर ते ताणास विलक्षण चिवट ठरतात. हे धागे कापडासारखे किंवा चटईसारखे पसरून त्यांवर एक कृत्रिम राळ ओततात. ती ओली असतां मधासारखी, आणि तींत दुसरें द्रव्य मिसळतांच आपल्याच उष्णतेनें घट्ट होणारी. नुसती राळ ठिसूळ, नुसते धागे लुळे. दोन्ही एक झाले म्हणजे हलकें आणि कठीण असें तिसरेंच द्रव्य तयार होतें.

येथें आम्हांस आमच्या विद्येची आठवण झाली. धारानगरीच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' नामक ग्रंथांत नौकांचें प्रकरण आहे. त्यांत लांकडाच्याही चार जाति मानिल्या आहेत. हलकें व मऊ तें ब्राह्मण जातीचें, हलकें व कठीण तें क्षत्रिय जातीचें, आणि नौकेस क्षत्रिय जातीचेंच उत्तम असा अभिप्राय आहे. आमच्या जातीच्या लांकडाचा मऊपणा ग्रंथकारानें बरोबर हेरला, असें आम्हीं पूर्वी वर्गांत हंसून सांगत असूं! त्याच ग्रंथांत असेंही म्हटलें आहे कीं, दोन जातींच्या मिश्रणानें केलेली नौका शुभ नव्हे. या काचतंतूंच्या होडीनें क्षत्रिय जातीचे दोन्ही गुण घेतले. पण घेतले ते मिश्रणानेंच. भोजराजाचें एक मत खरें करतांना दुसरें तिनें मोडून काढलें, याचा आम्हांस मनांतल्या मनांत आनंदच झाला. समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, पाण्यांतले लोहचुंबक तिला ओढतील, अशीही ग्रंथांत एक सूचना आहे. ती मात्र येथें आपोआप पाळली गेली आहे. कारण होडीचा खालचा भाग आणि वरचा भाग हे कडेला एकमेकांस चिकटवूनच जोडलेले असतात.

आमच्या खाडीवर होडी बांधीत तेव्हां आधीं कणा, मग त्यास वांकीं, मग वांक्यांवर फळ्या, आणि फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वर तेलाचा हात, असा क्रम असे. एक होडी दुसरीसारखी कधीं होत नसे. सुताराचा हात आणि लांकडाचा स्वभाव तींत उतरत असे. येथें उलट आहे. आधीं होडीच्या बाहेरील अंगाचा अचूक सांचा करितात. त्याची आंतली बाजू आरशासारखी घांसून तीवर मेण लावितात, म्हणजे होडी सांच्यास चिकटूं नये. मग रंगीत राळेचा एक पातळ थर. होडीची जी झगझगीत कातडी बाहेरून दिसते ती हीच. त्यावर काचतंतू आणि राळ यांचे थर एकामागून एक देतात, आणि आंत हवा कोंडून राहूं नये म्हणून रूळ फिरवितात. जेथें माणसाचा भार पडावयाचा तेथें दोन थरांमध्यें फेंसासारख्या हलक्या द्रव्याचा पदर घालितात. त्यायोगें वजन न वाढतां ताठपणा येतो. वाळली कीं होडी सांच्यांतून मोदकासारखी सुटते. मोदक जसे एका सांच्यांतले सारखे, तशा या होड्याही सारख्या. म्हणून शर्यतींत कोणाची होडी चांगली हा वाद उरत नाहीं; हांकणारा कसा, एवढाच प्रश्न राहतो.

या होडीची लांबी सुमारें ४.२ मीटर, रुंदी सुमारें १.४ मीटर, आणि नुसत्या अंगाचें वजन ५९ किलो. म्हणजे दोघे सहज उचलूं शकतील. हलकेपणाचें कारण केवळ मोटारीचा टप नव्हे. होडी चालूं लागली कीं आपल्या तोंडापाशीं एक आणि मागें एक अशा लाटा उठविते. वेग वाढेल तशी या दोन लाटांतली लांबी वाढते; ती होडीच्या लांबीएवढी झाली कीं जड होडी आपल्याच लाटांच्या खळग्यांत अडकते आणि वारा कितीही असो, तिचा वेग फारसा वाढत नाहीं. परंतु होडी हलकी असेल आणि तिचें मागचें बूड सपाट असेल, तर जोराच्या वाऱ्यांत ती आपल्या पुढच्या लाटेवर चढते आणि पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाते. मुलांनीं तळ्यांत चपटी खापरी फेंकावी तशी! कर्बींनीं होडीचें तोंड चिंचोळें ठेवून लाट कापण्याची सोय केली आणि मागचा भाग सपाट ठेवून घसरण्याची. हांकणारा सुमारें ८० किलोंचा असेल हें मनांत धरून त्यांनीं हा मेळ बसविला.

शीड एकच, ७.०६ चौरस मीटरांचें. डोलकाठी दोन तुकड्यांची. एकांत एक खोंचावयाची. तिला ताणून धरणारे दोर नाहींत. शिडाच्या कडेस उशीच्या अभ्र्यासारखी बाही शिवलेली असते, ती डोलकाठीवर चढवावयाची आणि काठी भोंकांत उभी करावयाची, कीं झालें. वाऱ्याचा झोंका आला म्हणजे ही काठी किंचित् वांकते आणि शिडांतला जादा वारा सोडून देते. होडी वाऱ्यानें बाजूस सरकूं नये म्हणून पोटांतील खांचेंतून एक लांबट फळी खालीं पाण्यांत सोडितात. पुढें जी गोष्ट सांगावयाची आहे तींत या फळीचें काम मोठें आहे, म्हणून वाचकांनीं ती ध्यानांत ठेवावी.

कालांतरानें असें दिसून आलें कीं, हलक्या वजनाच्या मुलांस व स्त्रियांस एवढें शीड आवरत नाहीं. तेव्हां होडी न बदलतां डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड एवढेंच बदललें. एक मधलें शीड सुमारें ५.७ चौरस मीटरांचें, आणि लहान ४.७ चे. आमची मीरा सर्वांत लहान शिडाची होडी हांकीत होती. पस्तीस वर्षें एकाच मापाचें शीड साऱ्या वर्गाच्या डोक्यावर उभें करणाऱ्या आम्हांस ही युक्ति कधीं सुचली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. मोठें शीड १९९६ पासून ऑलिंपिकांत आलें आणि मधलें २००८ पासून स्त्रियांसाठीं. २०२१ मध्यें टोकियोस झालेल्या स्पर्धांत चेन्नईची नेत्रा कुमानन हिनें याच मधल्या शिडावर भाग घेतला. ऑलिंपिकसाठीं पात्र ठरलेली ती पहिली भारतीय शिडनौकापटु स्त्री. मोठ्या शिडावर होते विष्णु सरवणन. त्यांची तयारी मुंबईच्या लष्करी नौकानयन केंद्रांत झालेली. हें वाचून आम्हांस आमच्या ओटीवरून दिसणारी खाडी आठवली.

या द्रव्याचा दोषही सांगितला पाहिजे, नाहीं तर भाटगिरी होईल. लांकडाची होडी म्हातारी झाली कीं चुलींत जाते किंवा मातीस मिळते. काचतंतूंची होडी कुजत नाहीं, आणि जाळावी तर विषारी धूर होतो. जगांतल्या अनेक बंदरांत अशा जुन्या होड्यांचे सांगाडे पडून आहेत आणि त्यांचें काय करावें हा एक प्रश्नच आहे. जें कधीं कुजत नाहीं, त्याचा अंत्यसंस्कार कोणीं करावयाचा?

असो. आतां मूळ गोष्टीकडे येऊं. चिरंजिवांनीं आम्हांस होडीपाशीं वांकावयास सांगितलें. बसण्याचा खळगा अगदीं उथळ. त्यांत पाणी शिरलें तरी थोडेंच राहावें, आणि होडी चालूं लागली कीं मागच्या छिद्रावाटे आपोआप ओढलें जावें. वरचा व खालचा भाग चोहोंकडून बंद असल्यानें होडीचें पोट म्हणजे एक मोठी हवेची पेटी. शिवाय आंत हवेच्या बंद पिशव्याही असतात, म्हणजे अंगास भोंक पडलें तरी ती बुडूं नये. आणि होडी आडवी झाली कीं ती पोटांतली फळी पाण्याबाहेर आडवी राहते. मुलानें पोहत तिच्यापाशीं जावें, फळी धरावी, तीवर उभें राहावें आणि मागें झुकावें. चौदा वर्षांच्या मुलीच्या वजनानें सबंध होडी, शीड, डोलकाठी, सर्व पुन्हां उभें राहतें. फळी होडीस बाजूस सरकूं न देण्यासाठीं खरी. पण तीच पडलेल्याचा हात धरते.

चार दिवसांनीं आम्हांस हें प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. वारा जोराचा होता. मीरेची होडी वळतांना कलली आणि शीड पाण्यावर आपटलें. आमच्या कुटुंबानें आमचें मनगट असें धरलें कीं संध्याकाळपर्यंत वळ होता. मुलगी दिसेना. आम्ही आयुष्यांत जेवढीं स्तोत्रें पाठ केलीं त्यांतलें एकही त्या क्षणीं आठवलें नाहीं. मग होडीच्या पलीकडून एक डोकें वर आलें, दोन हातांनीं फळी धरली, आणि पाहतां पाहतां शीड पाणी निथळत उभें राहिलें. मीरा आंत चढली, केंस मागें सारले, आणि कांठावरील आम्हां म्हाताऱ्यांकडे पाहून हात हालविला. ती हंसत होती! शिक्षिकाबाईंनीं तिला रागें भरलें नाहीं कीं शाबासकीही दिली नाहीं. पुढचें वळण घ्यावयास सांगितलें, इतकेंच.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट डोळ्यांपुढें उभी राहिली. चिरंजीव आठव्या इयत्तेंत आमच्याच वर्गांत होते. शाळेची तपासणी चालू होती. पाहुणे मागच्या बांकावर बसले होते. आम्हीं मोठ्या अभिमानानें चिरंजिवांस उभें केलें आणि 'पति' शब्दाच्या तृतीयेचें एकवचन विचारलें. ते म्हणाले, "पतिना." उत्तर 'पत्या' असें हवें होतें. हरि शब्दाप्रमाणें चालवावयास गेलें कीं हमखास होणारी ही चूक. शेंकडों मुलांनीं ती केली असेल. परंतु आम्हांस आमची लाज वाटली. आम्हीं सर्वांदेखत छडी मारली आणि तास संपेपर्यंत त्यांस उभें ठेविलें. त्या दिवसानंतर चिरंजिवांनीं वर्गांत हात वर केला नाहीं. मॅट्रिकला संस्कृत सोडलें. आमच्याशीं त्यांनीं कधीं उद्धटपणा केला नाहीं. पण मनांतलेंही कधीं कांहीं बोलले नाहींत. आम्ही त्यास मर्यादा समजत आलों.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं अंगणांत बसलों असतां आम्ही म्हणालों, "त्या दिवशींचें 'पतिना' आमच्या ध्यानांत आहे."

चिरंजीव बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "माझ्याही आहे, नाना. छडीचं एवढं कांहीं नव्हतं. पण मग परत वर यायला कुठं धरायचं, तेंच सांपडलं नाहीं."

यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. "आमचें चुकलें," एवढेंच आम्ही म्हणालों. बापानें मुलास असें म्हणण्याची रीत आमच्या घरांत नाहीं. त्यामुळें पुढें काय बोलावें हें दोघांसही कळेना. तेवढ्यांत सूनबाईंनीं जेवावयास हांक मारली, तें बरें झालें.

आमच्या वाचकांच्या घरोघरीं मुलें आहेत, परीक्षा आहेत, आणि शेजारच्या मुलांचे गुणही आहेत. मूल चुकूं नये म्हणून आपण सर्व मिळून पहारा करितों. चुकल्यावर त्यानें कशास धरून उभें राहावें, याची सोय किती घरांत केलेली असते? होडी आंखणारानें वाऱ्यावर राग धरला नाहीं, मुलाच्या अजाणपणावरही धरला नाहीं. दोन्ही गोष्टी असणारच, असें समजून त्यानें रेघा ओढल्या. हा विचार आम्हांस साऱ्या अध्यापनांत एकदांही शिवला नव्हता.

निघण्यापूर्वी मीरेनें विचारलें, "आजोबा, होडीला संस्कृतमध्यें काय म्हणतात?" आम्हीं 'नौ' शब्द सांगितला आणि चालवूनही दाखविला. तिनें तो दोन दिवसांत पाठ केला आणि जेवणाच्या मेजाशीं म्हणून दाखवूं लागली. "नौः, नावौ, नावः. नावम्, नावौ, नावः." तृतीयेपाशीं अडली, मग धीटपणें म्हणाली, "नौना."

जुन्या संवयीनें आमचा हात मेजावरून किंचित् उचलला गेला. तो आम्हीं खालीं ठेविला. "बाळ, द्वितीयेचें एकवचन काय म्हणालीस?" आम्हीं विचारलें.

"नावम्." ती थांबली. "मग... नावा! नावा, नौभ्याम्, नौभिः."

स्वयंपाकघरांतला भांड्यांचा आवाज थांबला होता. चिरंजीव हातांत फडकें घेऊन दारांत उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, पण सप्तमी होईपर्यंत तेथून हललेही नाहींत.

परत आल्यावर आम्हीं येथील पोहण्याच्या तलावावर ज्येष्ठांसाठीं वर्ग निघतो कीं नाहीं याची चौकशी केली आहे. निघतो असें कळलें. आमच्या कुटुंबाचा विरोध आहे. परंतु पुढल्या उन्हाळ्यांत मीरेनें आम्हांस होडींत घेण्याचें वचन दिलें आहे, आणि होडी उलटणार, हें आम्ही धरून चाललों आहों.